‘आमचं अजून रांगंना की ओ’: पहिल्या वर्षात बाळाचं अंग कसं सावरतं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका अंगणवाडीत लसीचा दिवस होता. बाहेर जुलैची झड, आत ओल्या छत्र्यांचा ढीग आणि भिंतीला टेकून बसलेल्या आठ-दहा बाया. नऊ महिन्यांची लस, म्हणजे पोरं सगळी जवळपास एका वयाची. एक पोरगं टेबलाचा पाय धरून उभं, एक पोरगी दाराकडं रांगत सुटलेली आणि एक गुबगुबीत बाळ बसकण मारून सगळ्यांची गंमत बघत बसलेलं. त्या बसलेल्या बाळाची आज्जी माझ्याकडं सरकली. ‘‘म्याडम, आमचं अजून रांगंना की ओ. थोरल्या सुनेचं सातव्यातच घरभर फिरायचं.’’ धाकटी सून मान खाली घालून दुपट्याची घडी घालत बसली. हे वाक्य तिनं घरी किती वेळा ऐकलंय ते त्या घडीवरून कळत होतं.

मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते, त्यामुळं हा प्रश्न मला बेळगावात, निपाणीत, लग्नाच्या मांडवात, एसटीतसुद्धा गाठतो. सीमाभागात त्याला आणखी एक शेपूट असतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे चंदगड नाहीतर गडहिंग्लजला. तिथं मिळालेलं कार्ड मराठीत. तिसऱ्या-पाचव्या महिन्यात पोरगी सासरी येते, इथं हातात कन्नड ‘तायी कार्ड’ (आईचं कार्ड) पडतं. बाळ कुठल्या महिन्यात काय करतं याची चित्रं त्यात असतात, पण शेजारचा मजकूर वाचता येत नाही. नर्सताई विचारतात, ‘‘अंबेगालु इडतानेनु?’’ म्हणजे रांगतो का. आई लसीनंतर ताप आला होता का असं समजून जोरजोरात मान हलवते. झालं, कार्डावर बाळ रांगलं.

तर आधी आकडे बघू, म्हणजे आज्जीचा जीव भांड्यात पडेल. जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा ५ देशांतल्या निरोगी मुलांवर लक्ष ठेवलं आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. भारतातली मुलं दिल्लीची होती. कुठलं बाळ कधी काय करतं ते तारखेनिशी नोंदवलं आणि शंभरातली जवळपास सगळी मुलं कुठून कुठपर्यंत पसरली आहेत ते मांडलं. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. धरून उभं राहणं ४.८ ते ११.४. हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५. धरून चालणं ५.९ ते १३.७. एकटं उभं राहणं ६.९ ते १६.९. एकटं चालणं ८.२ ते १७.६ महिने.

शेवटचा आकडा परत वाचा. एक बाळ सव्वाआठ महिन्यांत चालतं, दुसरं साडेसतराव्या महिन्यात, आणि दोन्ही ठणठणीत. मधे नऊ महिन्यांचं अंतर, म्हणजे एक आख्खं गरोदरपण! मुलगा-मुलगी असा म्हणण्यासारखा फरकही त्यांना दिसला नाही, तेव्हा ‘पोरगे उशिराच चालतात’ हे सोडून द्यायला हरकत नाही. आणि आज्जीच्या प्रश्नाचं थेट उत्तर त्याच अभ्यासात आहे: ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. कुणी बुडावर सरकत गेली असतील, कुणी पोटावर सरपटत, कुणी थेट उभी राहिली असतील. २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं आपली टप्प्यांची यादी सुधारली, तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं.

एवढा फरक का पडतो? आपण मनात धरतो की बाळाच्या आत एक घड्याळ आहे आणि वेळ झाली की ते टोला देतं. खरं तर तीन-चार कामं एकाच वेळी चालू असतात आणि त्यातलं जे मागं पडतं त्याची वाट बाकीच्यांना बघावी लागते.

पहिलं काम वायरिंगचं. मेंदूतून स्नायूंकडं जाणाऱ्या तंतूंवर स्निग्ध आवरण चढत जातं, त्याला मायलिन म्हणतात. विजेच्या तारेवर रबर चढवल्यावर जसं होतं तसं: संदेश न गळता, झपाट्यानं पोचतो. अंगावरचा ताबा वरून खाली येतो. आधी मान, मग खांदे, मग पाठ, कंबर, शेवटी पाय. आणि मधून बाहेर जातो: आधी दंड, मग मनगट, शेवटी बोटं. म्हणून तीन महिन्यांचं बाळ मान धरतं तेव्हा त्याचे पाय नुसते हवेत सायकल मारत असतात. त्यांना अजून हुकूम मिळालेला नसतो.

कणासुद्धा तसाच घडतो. जन्मतः पाठ धनुष्यासारखी एकाच बाजूला वाकलेली असते. बाळ मान उचलू लागलं की मानेतला बाक पडतो, बसू-उभं राहू लागलं की कमरेतला. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात चारी बाजूंनी उशा लावून ‘बसवलेलं’ बाळ बसत नाही, ते रचलेलं असतं. बसण्याचं काम तेव्हा उशा करतात.

दुसरं काम जुनं सामान आवरायचं. बाळ काही हालचाली पोटातूनच घेऊन येतं. तळहातावर बोट ठेवलं की मूठ आवळते. मान जरा मागं सैल पडली, दार आपटलं, की दोन्ही हात फाकवून दचकतं. मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात सरळ होतो आणि दुसरा कोपरात दुमडतो, तलवारबाजासारखा. या सगळ्या प्रतिक्षिप्त क्रिया. पहिल्या चार-सहा महिन्यांत त्या विरत जातात, कारण त्या जागेवर बसल्या तर मनाजोगती हालचाल शिकता येत नाही. मूठ आपोआप आवळत असेल तर खुळखुळा सोडून दुसरा कसा उचलणार?

यातली एक गोष्ट मला अजून गंमतीची वाटते. नुकत्या जन्मलेल्या बाळाला काखेत धरून पाय जमिनीला टेकवले तर ते पावलं टाकतं. दोनेक महिन्यांत हे बंद होतं. बरीच वर्षं समजूत अशी की वाढता मेंदू ही हालचाल दाबून टाकतो. १९८४ मध्ये एस्थर थेलेन या अमेरिकन संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी अगदी साधी युक्ती केली. पावलं मंदावलेल्या बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरलं, तर पावलं परत आली! उलट, पाय हलवणाऱ्या बाळांच्या पायांना छोटी वजनं बांधली, तर पावलं कमी झाली. मेंदूनं काही दाबलं नव्हतं. मांड्या गुबगुबीत झाल्या होत्या आणि ताकद अजून मागं होती, एवढंच. निरोगी बाळाचं वजन पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट. भरल्या अंगाचं बाळ थोडं सावकाश उठतं यात नवल काय?

तिसरं काम सरावाचं. त्यासाठी बाळाला जमीन लागते. इथं मी जरा जास्त बोलणार, कारण आमच्याकडं अडतं ते इथंच.

पाठीवर झोपलेल्या बाळाला मान उचलायची गरजच पडत नाही. पोटावर ठेवलं की जग बघायचं तर मान उचलावी लागते. मग कोपरांवर भार, मग तळहातांवर, मग एक हात सोडून खेळण्याकडं झेपावताना तोल जाऊन उलथणं. पालथं पडणं, सरपटणं, बसणं, रांगणं या सगळ्याची ताकद याच एका आसनातून येते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की अजून चालूफिरू न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पोटावर ठेवा, आणि एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बांधून किंवा अडकवून ठेवू नका. झोपवताना मात्र पाठीवरच. पोटावर झोपवलेल्या तान्ह्या बाळांत अचानक मृत्यूचा धोका वाढतो हे पक्कं ठरलेलं आहे. झोप पाठीवर, खेळ पोटावर.

आता गंमत बघा. हे तीस मिनिटांचं प्रकरण ऐकून आया मला विचारतात, त्यासाठी ती रंगीत गादी मागवू का. आणि त्यांच्याच मागच्या न्हाणीत आज्जी पाटावर बसलेली असते, दोन्ही पाय लांब सोडून, पायांवर बाळ पालथं, आणि पाठीला खोबरेल चोळत असते. बाळ रडत-कुरकुरत मान वर करून चुलीकडं बघतं. हेच की ते! आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं, रोजचं, फुकटचं. अडचण एवढीच की न्हाऊ घालणारी बाई तिसऱ्या महिन्यानंतर यायची थांबते, बाळ टबात जातं, आणि नेमका जेव्हा त्याला पोटावरचा वेळ वाढवून हवा असतो तेव्हा तो बंद होतो. (मालिशीतलं सगळंच मला मान्य आहे असं नाही. नाक चिमटून सरळ करणं, नाकाकानात तेल सोडणं, हात-पाय ताणून कडाकड आवाज काढणं, हे बंद करायलाच हवं. पण त्या पायांना माझा नमस्कार.)

दुसरी अडचण पावसाची. खानापूरचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. जून ते सप्टेंबर फरशी ओली, भिंती ओल्या, मातीच्या घरात तर जमिनीला पाय लावू नये असं वाटतं. मग बाळ कांबळ्यात, झोळीत, पाळण्यात, नाहीतर कडेवर. ऑक्टोबरमध्ये जन्मलेलं बाळ रांगायच्या वयाचं होतं ते नेमकं भर पावसात. अमेरिकेतल्या डेन्व्हर या थंड गावात १९९३ साली छापलेल्या एका अभ्यासात असंच दिसलं होतं: ज्यांचं रांगायचं वय कडाक्याच्या थंडीत आलं ती बाळं उन्हाळ्याच्या दिवसांत त्या वयाला पोचलेल्या बाळांपेक्षा काही आठवडे मागं होती. कपड्यांचे थर आणि जमिनीवर कमी वेळ, ही त्याची साधी कारणं असणार. ताजिकिस्तानात बाळाला पाळण्यात तासन्‌तास बांधून ठेवायची रीत आहे, तिथली मुलं बसायला-चालायला सावकाश लागतात आणि पुढं व्यवस्थित धावतात. केनियातल्या किपसिगिस लोकांत आया बाळाला मुद्दाम बसायला, चालायला शिकवतात, तिथं हे टप्पे लवकर येतात. तेव्हा थोरल्या सुनेचं बाळ उन्हाळ्यात सातव्या महिन्याला लागलं होतं का, हे आज्जीला विचारायला हवं होतं. मी विचारलंही. होतं.

पावसाळ्यात करायचं काय? खाली प्लास्टिक, त्यावर चटई, त्यावर जुनी जाड वाकळ. गादी नको, गादीत गुडघे रुततात. पायमोजे काढा, बोटांना जमीन पकडू द्या. घरात लोळू द्या, धूळ झटकता येते.

हातांचं शिक्षण कमी कौतुकाचं असतं, पण मला ते पायांपेक्षा देखणं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूठ उघडते. पाचव्या-सहाव्यात बाळ पूर्ण पंजानं खेळणं ओढतं, सातव्याच्या आसपास या हातातून त्या हातात देतं. नवव्यानंतर अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटतात आणि बाळ जमिनीवरचा एकुलता एक चुरमुरा चिमटीत उचलतं. आमच्याकडं ही परीक्षा वेगळी घ्यावी लागत नाही, चुरमुरा सांडलेला असतोच. मात्र शेंगदाणा, फुटाणा सापडायच्या आत उचला. चिमूट आली म्हणजे वस्तू पुढच्या क्षणी तोंडात, आणि दाणा श्वासनळीत अडकायला वेळ लागत नाही.

वॉकरबद्दल माझं मत ठाम आहे: घेऊ नका. बेळगावच्या गणपत गल्लीतून चक्कर मारली तर ते रंगीबेरंगी टांगलेले दिसतात आणि पहिल्या वाढदिवसाला कुणी ना कुणी मामा आणतोच. त्यात बाळ चालत नाही, लोंबकळत ढकललं जातं. तोल सावरायचं काम गाडी करते, बाळ टाचा न टेकवता चवड्यांवर पळतं, आणि आपली पावलं दिसत नाहीत. चालणं लवकर येत नाही, उलट रखडू शकतं. शिवाय ते एका क्षणात चुलीपाशी, पायरीपाशी पोचतं. कॅनडानं २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्याच्यामागं बाळ स्वतःच्या पायांवर उभं असतं, भार स्वतः पेलतं, पडायचं तर स्वतः पडतं. एका अंगाला गोकाक, दुसऱ्या अंगाला सावंतवाडी, दोन्ही लाकडी खेळण्यांची गावं. आपल्याला प्लास्टिक कशाला लागतं कोण जाणे.

पडण्याबद्दलही सांगते. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी चालू लागलेल्या, १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची पावलं मोजली: तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. चालणं असंच येतं. त्यांचंच आणखी एक निरीक्षण जोत्यावर, ओसरीवर राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. रांगणारं बाळ काही आठवड्यांत उतार ओळखायला शिकतं आणि कडेशी थांबतं. तेच बाळ चालू लागलं की सगळं विसरून उतारावर थेट पाय टाकतं, कारण उभं राहून बघितलेला उतार त्याला नवा असतो. ‘रांगताना कधी पायरीवरून पडलं नाही’ हा भरवसा पहिलं पाऊल टाकलं त्या दिवशी संपला.

एवढं धीराचं बोलले, आता काळजीचं. महिन्यांच्या शर्यतीपेक्षा मी चार गोष्टी बघते: बाळ पुढं सरकतंय का, दोन्ही बाजू सारख्या चालतात का, अंग फार कडक किंवा फार ढिलं आहे का, आणि आलेलं काही जातंय का. चार महिने होऊनही मान लटकत असेल, मुठी सतत आवळलेल्या आणि अंगठा आत दुमडलेला असेल, लंगोट बदलताना मांड्या लाकडासारख्या आवळून पाय कात्रीसारखे एकमेकांवर जात असतील, नाहीतर उचलल्यावर ओल्या फडक्यासारखं हातातून ओघळत असेल, तर दाखवा. नऊ महिने उलटून गेले तरी बसत नसेल, वर्षाला पायांवर भारच घेत नसेल, दीड वर्षाला चालत नसेल, दाखवा. वर्षाच्या आत एकच हात पुढं येत असेल तर ‘डावखुरं होणार’ म्हणून कौतुक करू नका. उजवा-डावा कल एवढ्या लवकर ठरत नाही, दुसरा हात अशक्त असू शकतो. आधी बसणारं बाळ आता बसत नाही असं झालं, किंवा झोपेतून उठताना एकामागोमाग एक झटके येऊन अंग पुढं दुमडू लागलं, तर पोटदुखी समजून ओवा चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडं. जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, कारण दवाखान्यात बाळ तेच करून दाखवेल असं नाही.

दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांचा हिशेब वेगळा. बाळ आठ आठवडे आधी आलं असेल तर सहाव्या महिन्यात त्याला चार महिन्यांचं धरायचं, आणि दोन वर्षांपर्यंत ही वजाबाकी करत राहायची. लसी मात्र जन्मतारखेनुसारच. निम्म्या घरांतली काळजी या एका वजाबाकीनं मिटते.

‘दाखवून काय होणार, देवानं दिलंय ते घ्यायचं’ असं म्हणणाऱ्यांना मी आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगते. जन्मताना गुदमरलेल्या आणि साध्या जन्मलेल्या बाळांच्या घरी जाऊन आईला खेळातून व्यायाम शिकवायचे, असा एक अभ्यास भारत, पाकिस्तान आणि झांबिया या तीन देशांतल्या खेड्यांत झाला. भारतातलं काम बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनं केलं. प्रशिक्षित बाई दर दोन आठवड्यांनी घरी, तीन वर्षं. महागडं यंत्र नाही, औषध नाही. तिसऱ्या वर्षी या मुलांची वाढ ज्यांच्या घरी नुसते आरोग्याचे सल्ले दिले गेले त्यांच्यापेक्षा सरस निघाली. बाळाचा मेंदू पहिल्या वर्षांत वळवून घेता येतो, पण त्यासाठी दीड वर्षं ‘चालेल हळूहळू’ म्हणत थांबता येत नाही. २०१३ पासून सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात, शंका असेल तर पुढं जिल्ह्याला पाठवतात. पथक मराठी बोलेल का कन्नड, याची काळजी करू नका. बाळ जमिनीवर ठेवा, बाकीचं तेच सांगतं.

त्या आज्जीच्या नातवाला मी त्या दिवशी चटईवर घेतलं. दोन्ही हात सारखे चालत होते, बसून दोन्हीकडं वळत होता, पुढं ढकलल्यावर हात टेकून सावरत होता. काखेत धरून उभं केलं तर पाय ताठ रोवून उड्या मारल्या. मी सांगितलं, वाकळ घाला, खाली सोडा, दिवाळीनंतर परत दाखवा.

नोव्हेंबरात भात मळून झाल्यावर आज्जी आली, नातू कडेवर. खाली ठेवल्याबरोबर त्यानं भिंत धरली आणि बाजूबाजूनं चालत खिडकीपाशी गेला. ‘‘रांगलं नाही ते नाहीच की ओ,’’ आज्जी म्हणाली, ‘‘सरळ उभंच राहिलं.’’ नर्सताईंच्या हातात कार्ड होतं, रांगण्याच्या चित्रापुढची जागा कोरी. तिथं काय लिहायचं म्हणून त्या माझ्याकडं बघत होत्या.